अधांतरी थांबण्याची किंमत



दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला मोटारीने जायचे तर गर्दीच्या वेळी तास-दीड तास सहज मोडतो. हेच सुमारे २७ किलोमीटरचे अंतर सात मिनिटांत कापता येईल, अशी घोषणा नोव्हेंबर २०२३ मध्ये इंटरग्लोब एंटरप्रायझेस आणि अमेरिकेतील आर्चर एव्हिएशन या कंपन्यांनी केली. विजेवर चालणारी आणि जागेवरून सरळ वर उडणारी २०० पर्यंत विमाने भारतात आणायची, आणि २०२६ मध्ये सेवा सुरू करायची, असे उद्दिष्ट तेव्हा सांगितले गेले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील भारत मोबिलिटी प्रदर्शनात बंगळुरूच्या सरला एव्हिएशनने ‘शून्य’ नावाच्या हवाई टॅक्सीचे प्रारूप मांडले. १९३६ साली वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या सरला ठकराल यांचे नाव या कंपनीने घेतले आहे. तिचेही लक्ष्य मुख्यतः २० ते ३० किलोमीटरच्या शहरी फेऱ्या हेच आहे.

वृत्तपत्रे या यंत्रांना ‘उडत्या मोटारी’ म्हणतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक रस्त्यावर धावत नाहीत. ती लहान विद्युत विमानेच आहेत. नावाचा हा घोळ क्षम्य आहे. परंतु त्या नावातून मनात रुजणारी एक समजूत मात्र तपासून घेण्याजोगी आहे. ती अशी की, विजेची मोटार जशी स्वच्छ आणि काटकसरी, तशीच विजेची उडती मोटारही असणार. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या अंतरांसाठी हे वाहन आपल्याला विकले जात आहे, नेमक्या त्याच अंतरांवर ते सर्वाधिक उधळे ठरते, आणि जिथे त्याचा खरा उपयोग आहे, त्या जागांची जाहिरात फारशी कोणी करीत नाही. हे मत भावनेचे नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रावर उभा राहणारा एक हिशेब त्यामागे आहे, आणि तो आपण सर्वांनी एकदा कागदावर मांडून पाहावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

हवेपेक्षा जड वस्तू हवेत टिकवायची, तर हवा सतत खाली ढकलत राहावे लागते. निसर्गात याच्या दोन तऱ्हा दिसतात. घार पंख पसरून पुढे सरकत राहते. पंखांवरून वाहणारी हवा तिचे वजन पेलते आणि तिला क्वचितच पंख हलवावे लागतात. याउलट कवड्या धीवर नदीच्या पाण्यावर एका जागी अधांतरी थांबतो, मासा हेरतो आणि सूर मारतो. त्या काही क्षणांत त्याचे पंख किती जिवाच्या आकांताने फडफडत असतात, ते पाहणाऱ्याला ठाऊक असते. उडत्या मोटारीला या दोन्ही भूमिका वठवाव्या लागतात: चढताना आणि उतरताना धीवराची, मधल्या प्रवासात घारीची.

अधांतरी थांबणे इतके महाग का? दर सेकंदाला ठरावीक वस्तुमानाची हवा ठरावीक वेगाने खाली ढकलली, तर मिळणारे बल हे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराइतके असते. पण त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तेच बल दुप्पट हवा निम्म्या वेगाने ढकलून मिळवले, तर शक्ती निम्मीच लागते. हेलिकॉप्टरचे पाते एवढे मोठे का असते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. शहरातील छोट्या तळांवर उतरणाऱ्या विमानाला एवढे मोठे पाते परवडत नाही. त्याला लहान-लहान पंख्यांची रांग लावावी लागते. पंख्यांचे एकूण क्षेत्रफळ घटते, आणि तेवढ्या प्रमाणात थोडी हवा जोराने ढकलण्याची वेळ येते.

आता आकडे घेऊ. हे कोणा एका कंपनीच्या विमानाचे नाहीत. हिशेबासाठी मी धरलेले एक मध्यम प्रारूप आहे. उड्डाणवेळचे वजन २००० किलो, एक वैमानिक व चार प्रवासी, आणि सर्व पंख्यांचे मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर. आदर्श परिस्थितीत हे वजन अधांतरी धरण्यास सुमारे २८० किलोवॅट शक्ती लागते. पंख्यांची, मोटरींची आणि विद्युत जोडणीची गळती धरली की बॅटरीतून सुमारे ४५० किलोवॅट ओढावे लागतात. तेच विमान पंखांच्या आधारे ताशी २०० किलोमीटर वेगाने सरळ जाऊ लागले, आणि त्याच्या पंखांची उचल हवेच्या रोधाच्या दहापट आहे असे धरले, तर सुमारे १३५ किलोवॅट पुरतात. म्हणजे एका जागी थांबणे हे पुढे जाण्याच्या तिपटीहून अधिक महाग आहे.

चढणे आणि उतरणे यांसाठी एकूण दोन मिनिटे धरू. तेवढ्यात १५ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत १५ युनिट खर्च होतात. सरळ उड्डाणात दर किलोमीटरला सुमारे ०.६८ युनिट लागते. २७ किलोमीटरचे झाले साधारण १८ युनिट. एकूण ३३. यातील जवळपास निम्मी वीज प्रवासी कॅनॉट प्लेसचा पत्ता सोडण्यात आणि गुरुग्रामच्या पत्त्यावर टेकण्यात संपली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्याच्या फार दूर आपण नाही. फेरी १० किलोमीटरची केली, तर सात युनिट प्रवासाला आणि पंधरा युनिट चढ-उताराला, अशी स्थिती होते. शिवाय तळ मोकळा नाही म्हणून वर एक मिनिट जास्त थांबावे लागले, तर साडेसात युनिट गेले. तेवढ्यात हेच विमान ११ किलोमीटर पुढे गेले असते.

आता बॅटरीकडे वळू. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते; विमानात बसवण्याजोग्या लिथियम-आयन बॅटरीच्या संपूर्ण संचात आज साधारण २०० वॅट-तास धरता येतात. विद्युत मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असल्याने ही दरी थोडी भरून निघते, पण मिटत नाही. शिवाय इंधन जळते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी एक ग्रॅमनेही जाणवेल इतकी हलकी होत नाही. आपल्या विमानात ६०० किलोंची बॅटरी ठेवू. ती झाली १२० युनिटांची. तळातले २० टक्के वापरता येत नाहीत, कारण बॅटरी उतरत आली की तिचे व्होल्टेज घसरते आणि तिच्यातून मोठी शक्ती ओढणे धोक्याचे ठरते. उड्डाणातील सर्वांत मोठी मागणी उतरताना येते. ज्या क्षणी बॅटरी सर्वांत थकलेली, त्याच क्षणी तिच्याकडून सर्वाधिक अपेक्षा. म्हणून हे २४ युनिट बाजूला ठेवावेच लागतात. हेलिकॉप्टरसाठी असलेल्या परंपरेप्रमाणे २० मिनिटांच्या उड्डाणाइतकी राखीव ऊर्जा ठेवायची, तर आणखी ४५ युनिट गेले. चढ-उताराचे १५ वजा केले. प्रत्यक्ष प्रवासाला उरले ३६ युनिट, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर. बॅटरीच्या प्रत्येक दहा किलोंपैकी जेमतेम तीन किलो प्रवाशाला पुढे नेतात.

या हिशेबाची तुलना जमिनीवरच्या प्रवासाशी केली पाहिजे. चार्जिंगमधील गळती धरून एका फेरीला ३७ युनिट लागतील. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराची महिन्याची वीज चार फेऱ्यांत संपते. चारही आसने भरलेली असली, तरी दर प्रवाशामागे नऊ युनिट. विजेची मोटार तेवढ्याच अंतराला चार-साडेचार युनिट घेते, आणि तीही संपूर्ण मोटार. आत कितीही माणसे असोत. आपल्या देशात विजेचा मोठा भाग अजून कोळशातून येतो, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार दर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे हवाई टॅक्सीत दर प्रवाशामागे साडेसहा किलो. पेट्रोलच्या मोटारीत एकटाच माणूस बसून गर्दीतून रखडत गेला, तरी चार ते सहा किलो. ज्या वाहनाची ‘स्वच्छ’ म्हणून ओळख करून दिली जाते, ते आजच्या विजेवर एकट्या माणसाच्या पेट्रोल-मोटारीची जेमतेम बरोबरी करते.

हा माझा एकट्याचा निष्कर्ष नाही. २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात मिशिगन विद्यापीठ आणि फोर्ड कंपनीच्या संशोधकांचा यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५ किलोमीटरपेक्षा कमी अंतरांवर पेट्रोलची मोटारसुद्धा अशा विमानापेक्षा कमी ऊर्जा घेते, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात १०० किलोमीटरच्या प्रवासाला तीन प्रवासी भरून नेणारे विमान मात्र सरासरी माणसे वाहणाऱ्या पेट्रोल-मोटारींपेक्षा ५२ टक्के कमी उत्सर्जन करते, असेही दिसले. त्यांनी धरलेली गृहीतके माझ्यापेक्षा विमानाला अधिक अनुकूल होती. अंतर वाढले की चढ-उताराचा खर्च अधिक किलोमीटरांवर विभागला जातो, हे दोन्ही हिशेबांचे समान सूत्र. आणि कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम हे अंतर त्या ३५ च्या अलीकडचे आहे, हे ध्यानात घ्यावे.

गर्दीवरचा उपाय म्हणून तरी हे वाहन टिकते का? एका तळावरून दर दोन मिनिटांनी एक उड्डाण, असे अत्यंत उदार वेळापत्रक धरू. तासाला १२० प्रवासी. दिवसाचे सोळा तास अखंड चालले तर १९२०. दिल्ली मेट्रोची आठ डब्यांची एक गाडी गर्दीच्या वेळी सुमारे दोन हजार माणसे घेऊन जाते. कॅनॉट प्लेसच्या पोटातच राजीव चौक स्थानक आहे, आणि तिथून पिवळ्या मार्गाने थेट गुरुग्रामला जाता येते. हवाई तळाचे दिवसभराचे काम मेट्रोची एक गाडी एका फेरीत करते. रस्त्यावरची गर्दी यातून रेसभरही हटणार नाही. फक्त काही मोजक्यांना तिच्यावरून उडून जाण्याची सोय होईल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: बॅटऱ्या सुधारतील. सुधारतील, यात शंका नाही. समजा उद्या बॅटरीची ऊर्जाघनता दुप्पट झाली. आपल्या विमानात मग २४० युनिट मावतील. तळातले २० टक्के, राखीव ४५ आणि चढ-उताराचे १५ वजा करून प्रवासाला १३२ युनिट उरतील, आणि पल्ला ५० वरून १९० किलोमीटरवर जाईल. बॅटरी दुप्पट, पल्ला जवळपास चौपट! हा आनंदाचा भाग. परंतु २७ किलोमीटरच्या फेरीचे काय? तिला तेव्हाही ३३ युनिटच लागतील. वजन तेच, पंखे तेच, तर अधांतरी थांबण्याची किंमतही तीच. बॅटरी कितीही चांगली झाली तरी भौतिकशास्त्र त्यात सूट देत नाही. म्हणजे बॅटरीतील प्रगतीचा लाभ लांबच्या प्रवासाला मिळतो, शहरांतर्गत उड्डाणाला नाही. भविष्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी ते भविष्य कोणत्या दिशेला आहे, हेही पाहायला हवे.

आपल्या देशाचे हवामान या हिशेबात आणखी भर घालते. हवा जितकी विरळ, तितकी ती अधिक जोराने ढकलावी लागते. दिल्लीत पारा ४५ अंशांवर गेला की हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा १२-१३ टक्क्यांनी कमी होते, आणि अधांतरी थांबण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर आहे; तिथे उन्हाळ्यातल्या साध्या दुपारीही हीच स्थिती. लेहच्या साडेतीन हजार मीटरांवर ही वाढ २० टक्क्यांच्या पुढे जाते. याच काळात बॅटरीही तापलेली असते आणि तिला थंड ठेवण्यास वेगळी वीज लागते. दिवसाला अशा वीस फेऱ्या केल्या, तर बॅटरीची पाच-सहा पूर्ण चक्रे रोज होतील. हजार चक्रे सोसणारी बॅटरी धरली, तर ती सहा महिन्यांत बदलावी लागेल. दहा मिनिटांत ५० युनिट भरायचे म्हणजे एका विमानाला ३०० किलोवॅटची जोडणी हवी. दहा विमानांच्या तळाला तीन मेगावॅट, आणि तेही उन्हाळ्याच्या संध्याकाळी, जेव्हा शहरातले प्रत्येक रोहित्र आधीच वाकलेले असते.

मग हे सारे प्रयत्न व्यर्थ आहेत का? माझे तसे मत नाही. प्रश्न यंत्राच्या गुणवत्तेचा कमी आणि त्याच्या नेमणुकीचा अधिक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मणिपूरमध्ये ड्रोनने लशी पोहोचवल्या. विष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयापासून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटापर्यंतचे १५ किलोमीटरचे हवाई अंतर त्याने १२ ते १५ मिनिटांत पार केले. जमिनीच्या मार्गाने ते २६ किलोमीटर पडते. ओझे काही किलोंचे, रस्ता दीडपटीहून लांब, आणि पोहोचणारी वस्तू अमूल्य. विद्युत उड्डाणाची योग्य जागा कशी दिसते, ते या उदाहरणात आहे. रस्ता जितका वळसा घालतो, तितका हवाई मार्गाचा पक्ष बळकट होतो. हवेतून १०० आणि रस्त्याने १८० किलोमीटर असलेल्या प्रवासात आपले चार प्रवाशांचे विमान दरडोई सुमारे २१ युनिट घेईल, आणि एकट्या माणसाची विजेची मोटार २७. तिथे गणित प्रथमच पालटते. ब्रह्मपुत्रेच्या दोन काठांमधले, बेटांमधले, दरीच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे कितीतरी प्रवास आपल्या देशात आहेत.

दुसरी जागा रुग्णसेवेची. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सत्या चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ईप्लेन कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ७८८ विद्युत हवाई रुग्णवाहिका पुरवण्याचा करार जाहीर केला. देशातील प्रत्येक जिल्ह्याला एक, अशी त्यामागची कल्पना. इथेही चढ-उताराचा खर्च तोच आहे. किंबहुना अनोळखी मैदानावर उतरताना अधिक वेळ अधांतरी थांबावे लागेल आणि पल्ला घटेल. ती अडचण अभियंत्यांना सोडवावी लागेल. तरीही मला ही दिशा योग्य वाटते. अपघातानंतरच्या पहिल्या तासात रुग्ण शस्त्रक्रियागृहात पोहोचणार असेल, तर १५ युनिटांचा विचार कोणी करू नये. ऊर्जा खर्चायला हरकत नसते. ती कशासाठी खर्चली, याचे उत्तर मात्र देता आले पाहिजे.

हा प्रश्न केवळ कंपन्यांच्या नफ्या-तोट्याचा असता, तर मी एवढे लिहिले नसते. जर्मनीतील लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन नामांकित कंपन्यांनी २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. गुंतवणूकदारांनी आपापले पाहून घ्यावे. परंतु तळांसाठी लागणारी शहरातील जमीन सार्वजनिक असेल, वीजवाहिन्या सार्वजनिक असतील, डोक्यावरचे आकाश तर सर्वांचेच आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपल्या तरुण अभियंत्यांची उमेदीची वर्षे. हलकी रचना, सुरक्षित बॅटरी, कार्यक्षम मोटर ही विद्या देशात घडते आहे, ती घडायलाच हवी. ती मूठभरांची वीस मिनिटे वाचवण्यात खपावी की जिथे पूल नाही तिथे डॉक्टर पोहोचवण्यात, हे ठरवण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.

म्हणून दोन मागण्या. पहिली: अशा प्रत्येक विमानाच्या उत्पादकाने वेग आणि पल्ला यांच्या जोडीला दर आसन-किलोमीटरची वीज, राखीव ऊर्जा वगळून उरणारा पल्ला आणि ४५ अंश तापमानातील कामगिरी जाहीर करावी. फ्रिजवर वीजवापराचे तारे छापण्याची सक्ती आहे, तर विमानावर का नसावी? दुसरी: सार्वजनिक जमीन आणि परवाने देताना वैद्यकीय व दुर्गम मार्गांना प्रथम स्थान मिळावे, जिथे मेट्रो धावते त्या मार्गांना शेवटचे.

आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी ‘सात मिनिटांत’ अशी बातमी वाचाल, तेव्हा वजन, पंख्यांचे क्षेत्रफळ आणि अंतर हे तीन आकडे शोधा आणि वरचा हिशेब स्वतः करा. माझी गृहीतके पटली नाहीत तर बदला. पंख्यांचे क्षेत्रफळ दुप्पट धरून पाहा, दोन मिनिटांऐवजी एक मिनिट धरा. आकडे हलतील. लहान फेरीत चढ-उताराचा वाटा मोठा आणि लांब फेरीत लहान, हा क्रम मात्र हलणार नाही. हिशेबात कुठे चूक आढळली, तर आकड्यांसह खाली मांडावी. ती दुरुस्त करताना मला आनंदच होईल.